हाक्यातली माणसं

वाघ मारला कुणी, हे इतिहासात लिहिलेलं असतं. तारखेसकट, बंदुकीच्या नावासकट, कधीकधी वाघाच्या लांबीसकट. वाघ उठवला कुणी, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी लिहिणार आहे ते या न लिहिलेल्या माणसांबद्दल. कागद तोकडा आहे, तेव्हा फाटे फुटले तर सांभाळून घ्या.

मी जामनेर तालुक्यातला. आमच्याकडून पहूर, पहूरहून फर्दापूर, आणि तिथून वर डोंगराच्या घळीत अजिंठ्याची लेणी. एवढं जवळ. शाळेची सहल तिथंच जायची, कारण लांब जायला पैसे नसायचे. गुरुजी दहाव्या लेण्यात उभे राहून सांगायचे, "मुलांनो, ही लेणी एका इंग्रज शिकाऱ्यानं शोधून काढली." आम्ही वह्यांत लिहून घ्यायचो. पुढं परीक्षेतही तेच लिहिलं आणि मार्क मिळाले.

आता ही हकिकत नीट पाहू. २८ एप्रिल १८१९. मद्रास लष्कराच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर या घळीत आला. वाघूर नदीच्या वळणावरून त्याला समोरच्या कड्यात, झाडीआड, कोरलेल्या लेण्याची कमान दिसली. तो आत गेला. आत मातीचा, दगडांचा ढीग साचलेला, पाचेक फूट उंच. त्या ढिगावर उभं राहून त्यानं एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर, आपलं नाव आणि तारीख कोरली. पुढं ढीग उपसला गेला. म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं. मान उंच करून वाचावं लागतं.

सांगणारे असंही सांगतात की वाट एका गुराख्याच्या पोरानं दाखवली. त्या पोराचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण एक साधा हिशेब करा. ज्यानं वाट दाखवली त्याला जागा आधीच माहीत असणार ना? घळीत गुरं चारणाऱ्यांना, मध-लाकूड गोळा करणाऱ्या भिल्लांना, खालच्या गावांतल्या माणसांना लेणी ठाऊक होती. मग स्मिथनं शोधलं काय? त्यानं साहेबांच्या जगाला बातमी दिली. बातमी देणं हेही काम आहे, नाही म्हणत नाही. त्या बातमीमुळं पुढं नकला झाल्या, अभ्यास झाला, आपल्या बापजाद्यांच्या धम्माचा पुरावा दगडात उभा राहिला. पण बातमी देणं वेगळं आणि शोध लावणं वेगळं.

स्मिथ इथं आलाच कसा? १८१८ ला पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. तेव्हाचा खानदेश म्हणजे उजाड मुलूख. होळकरांच्या फौजा फिरलेल्या, १८०३-०४ चा दुष्काळ पडलेला, पेंढाऱ्यांनी लुटलेला. गावंच्या गावं ओस. जिथं जोंधळा व्हायचा तिथं पळस आणि बोरी माजल्या. माणूस मागं हटला तसा वाघ पुढं आला, पार गावकुसापर्यंत. आणि मित्रांनो, गावकुसापर्यंत आला म्हणजे आधी कुणाच्या दारात आला? गावकुसाबाहेर कोण राहत होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

इंग्रजाला जमीन लागवडीखाली हवी होती, कारण सारा हवा होता. त्यासाठी वाघ हटवायचा होता आणि डोंगरातला भिल्लही आवरायचा होता. सरकारी कागदांत या दोन्ही गोष्टी एकमेकांना चिकटूनच येतात. वाघ मारणाऱ्याला इनाम, तसं बंडखोर नाईक पकडून देणाऱ्यालाही इनाम.

इथं जेम्स औट्रमचं नाव येतं. १८२५ साली त्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पलटण उभी करण्याची त्याची रीतच शिकारीची होती. रानात जायचं, भिल्लांबरोबर वाघाच्या मागं फिरायचं, त्यांच्यासमोर जिवावर उदार होऊन दाखवायचं आणि मग त्यातूनच शिपाई भरती करायचे. काल ज्याला दरोडेखोर म्हणून गोळी घातली असती, त्याला आज वर्दी दिली आणि त्याच्याच भाऊबंदांवर पहारा करायला लावलं. माणूस धाडसी होता, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्याची शिकार करमणुकीपुरती नव्हती. ती राज्य करायची युक्ती होती. त्याच्या इंग्रजी चरित्रात हिशेब दिला आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत तो स्वतः हजर असताना १९१ वाघ मेले, २५ अस्वलं, १२ रानरेडे आणि १५ पँथर-बिबटे. जखमी होऊन निसटलेली जनावरंसुद्धा मोजलेली आहेत. त्या १९१ वाघांच्या मागं किती माणसं हाक्याला धावली, त्यातली किती जायबंदी झाली, याचा असा तक्ता काही नाही.

(जाता जाता. ‘पँथर’ हे नाव आपल्या पोरांनी १९७२ ला घेतलं, अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतलं. ते नाव शिकाऱ्याचं नाही, हिशेबाच्या वहीत मेलेला म्हणून लिहिलेल्या जनावराचं आहे. एवढं लक्षात असू द्या.)

हाका म्हणजे काय, हे नव्या पोरांना माहीत नसेल. आधी माग काढणारा जायचा. पंजा पाहून, विष्ठा पाहून, माकडांचा आवाज ऐकून वाघ कुठं आहे ते सांगायचा. मग एखादा हेला किंवा रेडकू रानात बांधायचं. वाघानं ते मारलं की बातमी साहेबाच्या तंबूवर. साहेब मचाणावर, नाहीतर हत्तीवर. आणि दुसऱ्या बाजूनं माणसांची ओळ, हातात काठ्या, डफडी, पत्र्याचे डबे, तोंडानं आरडाओरड. ही ओळ पुढं सरकत वाघाला मचाणाकडं ढकलायची. मचाण उंच असतं, बंदूक लांबून चालते. ओळीतला माणूस मात्र पायांवर, गवतात, उघड्या अंगानं. गोळी नीट बसली तर ठीक. वाघ नुसता जखमी झाला तर तो मागं फिरतो, आणि मागं कोण असतं? शिकाऱ्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत अशा वेळी ‘एक हाकारा दगावला’ एवढंच वाक्य येतं. पुढचं वाक्य पुन्हा वाघावर.

ओळीत भिल्ल असायचे, कोळी असायचे. आणि गावचा महार-मांग तर असायचाच. साहेबाचा तळ पडला की लाकूडफाटा, गवत, पाणी, ओझं पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणं, वाट दाखवणं, रात्रीचा पहारा ही सगळी कामं वतनी महाराच्या गळ्यात. १८७४ च्या वतन कायद्यानं या गुलामीला सरकारी शिक्का मिळाला. रात्रंदिवस राबायचं, आणि बदल्यात तुकडाभर जमीन अन् दारोदारचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणलं ते उगाच नाही. वतन कायद्यानं गेलं ते थेट १९५८ च्या कायद्यानं. तोवर पाटलाचा निरोप आला की महार निघाला. कशाला निघाला हे विचारायची सोय नव्हती. डाक पोचवायची असो की वाघ उठवायचा असो.

माझा आज्या तरुणपणी असा हाक्याला गेलेला. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या रानात. मी लहानपणी विचारायचो, "आज्या, तू वाघ पाह्यला का?" तो म्हणायचा, "पाह्यला ना. पन त्यानं मले आधी पाह्यलं." आणि हसायचा. पुढं काही सांगायचा नाही. मजुरी काय मिळाली विचारलं तर काठी दाखवायचा. त्याच्या बापाची होती ती, घुंगुरकाठी. वरच्या टोकाला कधीकाळी घुंगरू होते. गावात शिरताना महार येतोय हे कळावं म्हणून घुंगरू. म्हणजे बघा, हीच काठी गावात वाजायची ती माणसांनी बाजूला व्हावं म्हणून आणि रानात आपटायची ती वाघानं बाजूला व्हावं म्हणून.

मला वाटतं, आपला इतिहास अशा वस्तूंतून वाचावा लागेल. कागद त्यांचे आहेत. वस्तू काही आपल्याही आहेत.

कातड्याचंच घ्या. साहेबाच्या बंगल्यात वाघाचं कातडं जमिनीवर अंथरलेलं, जबडा उघडा. वाघनखं सोन्यात मढवून मडमेच्या गळ्यात. हत्तीचा पाय पोकळ करून त्यात छत्र्या ठेवायच्या, हीसुद्धा त्यांची आवड. आपल्याकडच्या सांबरांची शिंगं बोटीनं शेफील्डला जायची आणि तिथं सुऱ्यांच्या मुठी व्हायच्या. ज्या सुरीनं विलायतेतला माणूस जेवताना मांस कापायचा, तिच्या मुठीत आपलं रान होतं.

आता इकडं या. साधू बसतो मृगाजिनावर. व्याघ्रचर्मावर तर साक्षात देव बसतो. हरणाचं कातडं पवित्र, वाघाचं त्याहून पवित्र. मग मेलेल्या बैलाचं कातडं काढणारा अपवित्र कसा झाला? कातडं ते कातडं. हरीणसुद्धा आपणहून कातडं काढून देत नाही, कुणीतरी मारावं लागतं, सोलावं लागतं, कमवावं लागतं. ते करणाऱ्याचा विटाळ आणि त्यावर बसणाऱ्याचा सोवळेपणा!

आणि मोट. खानदेशातले मळे पाण्यावर उभे राहिले ते मोटेच्या. मोट म्हणजे कातड्याची. चांभारानं शिवलेली, आपण ओढलेल्या ढोराच्या कातड्याची. ती दिवसभर गावच्या विहिरीत उतरायची, वर यायची. ते पाणी केळीला चालायचं, उसाला चालायचं, पाटात तोंड धुणाऱ्यालाही चालायचं. मोट विहिरीत गेली तर विहीर बाटत नव्हती. मोट शिवणारा पायरीवर आला की विहीर बाटायची. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका म्हणून सांगितलं. त्यानंतर आपल्या माणसांनी ओढणं सोडलं, तेव्हा गावं का चवताळली याचं एक उत्तर या मोटेत आहे. ढोर पडून राहिलं तर मोट कशाची करणार?

तिसरी वस्तू वाघूर. आमच्या नदीचं नाव वाघूर, तीच जी लेण्यांच्या घळीतून निघून तापीला मिळते. पण वाघूर म्हणजे जाळंही. जनावर धरायचं जाळं, संस्कृतातली वागुरा. नदीच्या नावात कुणाला वाघ ऐकू येतो, कुणाला जाळं. जाळं ज्यांच्या हातात होतं ते पारधी. फासे मांडून तितर, ससा, हरीण धरायचे. शिकवलेल्या बैलाच्या आडून दबकत जनावराजवळ जायचे. पोटापुरती शिकार, उरलं तर बाजारात. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ ला तो सगळ्या मुलखाला लावायची सोय केली, आणि पारध्याच्या पोराच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. १८७८ साली तर दोन कायदे झाले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. जंगल सरकारचं झालं. बंदुकीला परवाना लागला, पण गोऱ्याला त्यातून सूट. एकाच रानात एकाच सकाळी साहेबानं हरीण मारलं तर तो खेळ आणि पारध्यानं धरलं तर ती चोरी. पारध्यांवरचा तो कायदा १९५२ ला गेला. पोलिसाच्या डोक्यातून कधी जाणार ते विचारू नका.

हे सगळं फक्त इथलंच नाही. अमेरिकेकडं जरा बघू. ती आपल्याला परकी नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पण त्याच वर्षांत त्या देशाच्या पश्चिमेकडं काय चाललं होतं? बायसन म्हणजे आपल्या गव्याचा तिकडचा भाऊ. माळरानावर कोट्यवधींनी फिरायचा. लाकोटा, शायान अशा मूळच्या जमाती त्याच्यावर जगायच्या. कातड्याचे तंबू, स्नायूंचा दोरा, हाडांच्या सुया, सुकवलेलं मांस. जनावराचा एकेक भाग घरातली वस्तू व्हायचा. मग रेल्वे आली. रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवणाऱ्या बफेलो बिलनं आपण दीड वर्षात चार हजारांवर बायसन मारले असं स्वतः सांगून ठेवलंय. १८७१ च्या सुमाराला त्या जाड कातड्याला कमवायची रीत सापडली आणि कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे त्यापासून व्हायला लागले. शिकारी कातडं घ्यायचे, मांस कुजू द्यायचे. मागाहून हाडंही गोळा झाली, खतासाठी आणि साखर शुभ्र करण्यासाठी. १८८० चं दशक संपताना बायसन उरले हजाराच्या आसपास. लष्करी अधिकाऱ्यांना ते सोयीचंच होतं. बायसन संपला की जमाती उपाशी पडणार, आणि उपाशी माणूस दावणीला बांधता येतो. कारखान्यात तो पट्टा फिरताना बघणाऱ्या मजुराला तरी काय ठाऊक असणार, आपल्या डोक्यावरून कुणाचं घर फिरतंय ते.

हस्तिदंताचं तसंच. त्यांच्या कनेक्टिकट राज्यात एका गावाचं नावच आयव्हरीटन. तिथं पियानोच्या पट्ट्या आणि कंगवे व्हायचे. दात यायचे पूर्व आफ्रिकेतून, झांजिबारच्या बंदरातून, आणि आतल्या रानातून बंदरापर्यंत ते माणसांच्या खांद्यावरून यायचे. त्यातले कितीतरी खांदे गुलामांचे. झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला १८७३ ला, म्हणजे ‘गुलामगिरी’ निघाली त्याच साली. अमेरिकेतला गुलाम सुटला होता, पण सुटलेल्या देशातली पोरगी पियानो शिकायची ती अजून न सुटलेल्या माणसाच्या ओझ्यावर बोटं ठेवून.

आणि खानदेशातला वाघ खरं म्हणजे बंदुकीपेक्षा कापसानं जास्त संपला, हेही अमेरिकेमुळंच. १८६१ ते १८६५ तिथं यादवी चालली, गुलामांनी पिकवलेला कापूस विलायतेला जाईना. भाव कडाडले. त्याच सुमारास इकडं भुसावळपर्यंत रेल्वे आली. पळस-बोरीची रानं तुटली, काळी जमीन नांगराखाली गेली. रुळांखालच्या लाकडालाही रान लागलं. औट्रमच्या वेळेचा वाघांचा मुलूख पन्नास वर्षांत कापसाचा मुलूख झाला. त्या शेतांत मजूर कोण होतं, हे पुन्हा सांगत नाही.

आता परत दहाव्या लेण्यात चला. कारण एक गोष्ट गुरुजींनी सांगितली नव्हती आणि मलाही फार उशिरा कळली.

हे लेणं अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचं. दर्शनी कमानीजवळ ब्राह्मी अक्षरांत एका दात्याचं नाव आहे, वासिठीपुत कटहादि. त्यानं ‘घरमुख’, म्हणजे लेण्याचा दर्शनी भाग, दान दिला. आईच्या नावानं ओळख सांगणारा माणूस. म्हणजे या लेण्यावर दोन नावं आहेत. एकानं दिलं म्हणून लिहिलं, दुसऱ्यानं पाहिलं म्हणून कोरलं. मध्ये दोन हजार वर्षं.

आत उजव्या भिंतीवर जुनी चित्रं आहेत, आता फार पुसट. त्यांत दोन जातककथा आहेत आणि दोन्ही शिकारीच्या. एक साम जातक. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला गेलेल्या सामाला शिकारीला आलेल्या राजाचा बाण लागतो. श्रावणबाळाची गोष्ट शाळेत ऐकलीच असेल, घडण तीच. दुसरी छद्दंत जातक. छद्दंत हा हत्तींचा राजा. एका राणीला त्याचे दात हवे असतात, मागच्या जन्मीचा राग म्हणून. ती शिकारी पाठवते, सोनुत्तर त्याचं नाव. हा शिकारी काय करतो? अंगावर काषाय वस्त्र घेतो. भिक्खूचं वस्त्र! हत्ती बाण लागल्यावर त्याला चिरडायला धावतो, पण वस्त्र पाहतो आणि थांबतो. आणि मग स्वतःच त्याला दात कापू देतो, कापायला मदत करतो. दात राणीपुढं येतात तेव्हा राणीला ते सोसत नाही. ती कोसळते. चित्रात ती कोसळलेली राणी आहे.

विचार करा. लेणं रंगवणाऱ्यांनी शिकारीची गोष्ट सांगितली ती मरणाऱ्याच्या बाजूनं, आणि शिकाऱ्याचं नावही लपवलं नाही. आपल्या चिवराआड लपून कुणी मारेकरी येऊ शकतो, हेही लपवलं नाही. दोन हजार वर्षांनी वाघाच्या मागावरचा एक शिकारी नेमका त्याच दालनात शिरला. वर उजव्या भिंतीवर हत्तीचे दात चाललेले, आणि हा खांबावर चाकू घासतोय. ढिगानं, अंधारानं, वटवाघळांच्या घाणीनं त्याला चित्र किती दिसलं कुणास ठाऊक. दिसलं असतं तरी बोधिसत्त्वाच्या अंगावर नाव कोरणाऱ्याला हत्तीची भाषा कळली असती असं मला वाटत नाही.

नाव कोरायची ही खोड काही स्मिथची एकट्याची नाही. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. १९८६ साली तिथं अभयारण्य झालं, गौताळा औट्रमघाट अभयारण्य. म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ज्या रानात जनावराला अभय मिळालं, त्या रानाच्या पाटीवर १९१ वाघांच्या मरणाला हजर असणाऱ्याचं नाव. मी त्या पाटीसमोर उभा राहून एकट्यानंच हसलो. शेजारी चहावाला होता, त्याला सांगितलं. तो म्हणाला, औट्रम म्हणजे कुठलातरी देव असंल असं वाटायचं.

गेल्या वर्षी तालुक्यातली दहा-बारा पोरं घेऊन दहाव्या लेण्यात गेलो. बॅटरीचा उजेड भिंतीवर टाकू देत नाहीत, ते बरोबरच आहे, रंग जातात. डोळे सरावायला वेळ लागला. एका पोरीला आधी हत्तीची सोंड दिसली, मग सगळ्यांना दिसली. स्मिथचं नाव कुणीतरी बोटानं दाखवलं, पोरांनी माना वर केल्या, वाचलं आणि परत हत्तीकडं वळली. परत येताना पहूरला चहा घेताना मी विचारलं, तुमच्या घरात जुनं काय काय आहे? कुणी म्हणालं पाटा, कुणी म्हणालं आजीची पितळेची परात. एकजण म्हणाला, बापाचं डफडं होतं, चामडं फाटलं म्हणून टाकून दिलं, कडं अजून माळ्यावर असेल. त्याला म्हटलं, उतरव आणि बापाला विचारून ते कुठंकुठं वाजलं ते लिहून आण.

आज्याची काठी आमच्या घरी आहे. घुंगरू कधीच गेले. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांचा भार पडला की दोरी खाली येते, तेव्हा तिला टेकू म्हणून बायको तीच काठी लावते.